पर्सेंटाइलच्या पुढचा हिशेब
सीईटीचा निकाल लागला की नारायणगाव, मंचर, घोडेगावच्या घरांत एकच प्रश्न असतो: इंजिनिअरिंगला पुण्यात सीओईपी मिळेल का? नुसतं पर्सेंटाइल पाहून हुरळू नका. समजा तीन लाख मुलं परीक्षेला बसली, तर 99 पर्सेंटाइलच्या पुढेही साधारण तीन हजार जण असतात! म्हणून गुणवत्ता यादीतला क्रमांक बघा आणि तो सीईटी कक्षाच्या गेल्या वर्षीच्या कटऑफशी ताडून पाहा. शाखा, प्रवर्ग, फेरी मात्र तीच धरा. कॉम्प्युटर आणि सिव्हिलच्या कटऑफमध्ये बरंच अंतर असतं. आवडतं कॉलेज अवघड वाटलं तरी पसंतीक्रमात वरच लिहा. त्यानं खालच्या पर्यायाची संधी घटत नाही. पण पहिलाच पर्याय मिळाला, तर पुढच्या फेरीत जाता येत नाही.