आधी पैसे, मग सवलत

पावसाळ्यात चुलीत ओलसर पऱ्हाटी धुमसत असते आणि कोपऱ्यात रिकामं सिलिंडर उभं असतं. वाशिमसारख्या, नीती आयोगाने आकांक्षित ठरवलेल्या जिल्ह्यातल्या मजुराच्या घरी हे चित्र नवं नाही. मदत नाही, असंही नाही. 2016 पासून उज्ज्वला योजनेतून गॅसजोडणी मिळते. ऑक्टोबर 2023 पासून केंद्र सरकार उज्ज्वलाच्या ग्राहकांना वर्षातल्या ठरावीक सिलिंडरांपर्यंत, सिलिंडरमागे 300 रुपये देतं. राज्याच्या मुख्यमंत्री अन्नपूर्णा योजनेत 2024 पासून वर्षाला तीन सिलिंडर मोफत आहेत. पण हे ‘मोफत’ नीट समजून घ्या. सिलिंडर घेताना पूर्ण रक्कम आधी मोजायची, परतावा नंतर बँक खात्यात. सोयाबीन सोंगणीच्या दिवसांत हे जमतं. हाताला काम नसताना मात्र एवढे पैसे एकदम आणायचे कुठून? म्हणजे ज्या घराला मदत सर्वांत जास्त हवी, तेच घर तिच्यापर्यंत पोचत नाही.

थेट खात्यात पैसे देण्यामागे कारण होतं, हे मान्य करायलाच हवं. स्वस्त सिलिंडर हॉटेलांकडे वळत, बनावट जोडण्या निघत. पण आता आधार पडताळणी आहे, मोबाइलवर आलेला क्रमांक सांगून सिलिंडर घेण्याची सोय आहे. मग निदान ही तीन सिलिंडरं तरी दारातच पैसे न घेता द्यायला काय हरकत आहे? तोवर पाच किलोच्या लहान सिलिंडरचा पर्याय आहे. उज्ज्वलाच्या ग्राहकांनी आपल्या गॅस एजन्सीत त्याची चौकशी जरूर करावी, आणि बँक खातं आधारशी जोडलेलं आहे ना, तेही पाहून घ्यावं.