गोळीबरोबर पेलाभर पाणी



कल्याणहून कसाऱ्याकडे जातांना टिटवाळ्यापुढें खडवली हें स्टेशन लागतें. जवळूनच भातसा नदी वाहते. पावसाळ्यांत अशा नदीकांठच्या गांवीं पुराचें पाणी तुडवावें लागतें. आणि उंदरांच्या मूत्रानें दूषित झालेल्या पाण्यांतून लेप्टोस्पायरोसिस हा ताप जडतो. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीनंतर मुंबईनें त्याचा कटु अनुभव घेतला. अशा वेळीं प्रतिबंधासाठीं डॉक्टर डॉक्सिसायक्लिन देतात. औषध गुणकारी आहे; परंतु तें कसें गिळावें, हेंहि जाणून घेतलें पाहिजे.

आपली अन्ननलिका सुमारें २५ सेंटीमीटर लांबीची स्नायुमय नळी आहे. हृदयापासून निघणारी मोठी रक्तवाहिनी तिला जेथें चिकटून जाते, तेथें ती किंचित् अरुंद असते. कोरडी गिळलेली गोळी पुष्कळदां तेथेंच अडकते व विरघळूं लागते. डॉक्सिसायक्लिनचें द्रावण आम्लधर्मी असतें. त्यानें नलिकेचें नाजूक अस्तर भाजून व्रण पडतो. झोपेंत लाळ कमी सुटते, गिळण्याची क्रियाहि मंदावते. म्हणून निजण्यापूर्वीं घोटभर पाण्यावर घेतलेली गोळी विशेष अपायकारक ठरते.

मग छातीच्या मध्यभागीं आग होते, घास उतरतांना कळ येते. कोणी तें आम्लपित्त समजतो, कोणी हृदयविकाराच्या शंकेनें घाबरतो. छातींतील दुखणें डॉक्टरांस तत्काळ दाखवावेंच. परंतु कोणती गोळी, केव्हां व कशी घेतली, हेंहि सांगावें. व्रण बहुधा लवकर भरून येतो. क्वचित् रक्तस्राव होतो किंवा नलिका आकसते.

हा दोष एकाच औषधाचा नव्हे. पोटॅशियमच्या गोळ्यांनीं झालेली अशी इजा १९७० मध्यें वैद्यकीय नियतकालिकांत नोंदली गेली. लोहाच्या व कित्येक वेदनाशामक गोळ्या, तसेंच हाडांसाठीं दिलें जाणारें अलेंड्रोनेट, यांपासूनहि ती होते.

आपल्या घरांतील वृद्ध मंडळी पुष्कळदां अंथरुणावर पडल्यापडल्याच गोळी घेतात. त्यांना उठवून बसवावें, पेलाभर पाणी द्यावें, आणि निदान अर्धा तास आडवें होऊं देऊं नये. ज्यांना पाणी मोजून प्यावयास सांगितलें आहे, त्यांनीं डॉक्टरांस विचारावें. दुखूं लागलें म्हणून चालू औषध आपल्याच मनानें कायमचें सोडूं नये. डॉक्टर त्याऐवजीं पातळ औषध किंवा दुसरी गोळी देऊं शकतात.