ट्रकची शिडी

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमातील भाषण)



अध्यक्षांनी मला 'आफ्रिकेच्या प्रवासाबद्दल पाच मिनिटं बोला' असं सांगितलं आहे. बँकेत असताना पाच मिनिटांत मी दोन कर्जं नामंजूर करीत असे, तेव्हा वेळ नक्की पाळीन.

२०१८ साली आमची मुलगी नोकरीनिमित्त केपटाऊनला होती. तिनं आम्हा दोघांची नावं एका ट्रक-सहलीत घातली. केपटाऊनहून नामिबिया, बोट्सवाना करीत झिंबाब्वेतल्या व्हिक्टोरिया धबधब्यापर्यंत, वीस दिवस. ट्रकमध्ये वर बसायच्या खुर्च्या, खालच्या कप्प्यांत तंबू, शेगडी, भांडीकुंडी. "बाबा, तिथं वेटर नसतो, पाळी असते," असं तिनं आधीच बजावलं होतं.

आणि खरंच तसं होतं. आज कांदे चिरणं, उद्या भांडी, परवा ट्रक झाडणं. भांडी पुसायला फडकं नाही, हवेत हलवून वाळवायची! ऑरेंज नदीच्या काठी माझा तो ताटल्यांचा नाच बघून आमची ही पोट धरून हसली.

नामिबच्या वाळवंटात सेसरीमच्या फाटकापासून ४५ किलोमीटरवर लाल वाळूची टेकडी आहे, तिचं नावच 'ड्यून ४५'. सूर्योदयाला सगळे वर चढले. इटोशाला रात्री पाणवठ्यावर हत्ती आणि गेंडे आले. ओकाव्हांगो नदी समुद्राला मिळतच नाही, कलहारीच्या वाळूत पसरून संपते. तिथं मोकोरो नावाच्या अरुंद होडीतून फिरलो. हे सगळं फोटोंत आहे. फोटोत नाही ते आज सांगतो.

ट्रकची शिडी उंच होती. माझा उजवा गुडघा तिसऱ्याच दिवशी संपावर गेला. लाजेनं मी कुणाला बोललो नाही. चहाला थांबलं तरी वरच बसून राहायचो. चौथ्या दिवशी बघतो तो शिडीखाली एक लाकडी खोकं. ड्रायव्हर म्हणाला, "या, मदाला." मदाला म्हणजे म्हातारबाबा. पुढे रोज, जो आधी उतरेल तो खोकं लावायचा. पोरंसोरं होती ती, गुडघे ठणठणीत. 'यात आमचा काय फायदा?' असं एकानंही विचारलं नाही.

हा प्रश्न माझ्या ओळखीचा होता. २०१६ च्या सर्वसाधारण सभेत लिफ्टचा विषय निघाला, तेव्हा तळमजल्यावरचा सभासद म्हणून तो मीच विचारला होता. आकडेवारीसकट. विषय बारगळला.

परत आल्यावर पुढच्याच सभेत मी उभा राहिलो, विरोध मागे घेतला आणि पहिला चेक दिला. लिफ्ट झाली. पण मधल्या दोन वर्षांत तिसऱ्या मजल्यावरचे अण्णा गॅलरीतूनच गणपतीची आरती ऐकत राहिले, आणि लिफ्ट सुरू व्हायच्या आधी गेले. वहिनी आज पहिल्या रांगेत बसल्या आहेत. ही थकबाकी माझ्या नावावर आहे, वहिनी. ती फिटणारी नाही.

याच तळेगावात १९०८ साली पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला. अंताजी दामोदर काळे यांनी लोकांकडून एकेक पैसा मागून तो फंड जमवला होता. देणाऱ्यांतल्या कितीजणांच्या घरात इथली काच पोचली असेल? तरी त्यांनी पैसा दिला.

आता पार्किंगमध्ये व्हीलचेअरसाठी उतार करायचा विषय येतो आहे. आपल्याला लागत नाही म्हणून कुणी हात खाली ठेवू नये, एवढीच विनंती. आज ना उद्या शिडी प्रत्येकालाच उंच वाटते.