रेडियम मशीन घेताना लांब रेघ मारून बघा

आमच्या गटाला पाट्या आणि गाड्यांवरची नावं कापायला रेडियम कटिंग मशीन, म्हणजे व्हिनाईल कटर, घ्यायचंय. कर्जाचा हप्ता सगळ्याजणींनी फेडायचाय, म्हणून आम्ही आधी रोल सरळ चालतो का ते बघतो.

रोल तिरका सरकला की लांब पाटीची शेवटची अक्षरं चुकतात, अख्खा तुकडा वाया जातो. दुकानदाराने छोटं नाव कापून दाखवलं तर हा दोष दिसत नाही. म्हणून पात्याच्या जागी पेन लावून दोन-तीन मीटर लांब चौकट काढायला सांगायची. तीच पुन्हा तिच्यावर गिरवायला लावायची. रेघा एकावर एक बसल्या, कडेपासूनचं अंतर सगळीकडे सारखं राहिलं, तरच पुढचं बोलणं.

चाचणीआधी लागेल तेवढा रोल उलगडून सैल ठेवायचा, कड सरळ लावायची, दाबाची चाकं खालच्या खरखरीत रुळावरच आणायची, दोन्हीकडचा दाब सारखा ठेवायचा. तरीही सरकलं तर ते मशीन नको. स्टेपर मोटरचं मशीन स्वस्त, सर्व्होचं महाग. पण परीक्षा दोन्हींची हीच.

आपल्या डोळ्यांसमोर चाचणी झाल्याशिवाय गटाचा एक रुपयाही आगाऊ द्यायचा नाही.