मेंटेनन्स कोणी भरायचा?

घाटकोपरात जुन्या इमारती पाडून टॉवर उभे राहताहेत. घर रिकामं करणारी कुटुंबं मुलांची शाळा लांब पडू नये म्हणून पंतनगर, गारोडिया नगर, टिळक रोड अशी जवळपासच भाड्याची जागा बघतात. भाडं ठरतं, डिपॉझिट ठरतं आणि निघताना मालक म्हणतो, "मेंटेनन्स तेवढा तुमच्याकडे हं!" तो 'तेवढा' म्हणजे नेमका किती?

त्यासाठी सोसायटीचं बिलच बघायला हवं. वॉचमन, सफाई, जिन्यातले दिवे, हिशेबनीस हे झालं सेवाशुल्क. आदर्श उपविधींप्रमाणे ते प्रत्येक सदनिकेला सारखं असतं. लिफ्टचा खर्चही सारखाच, अगदी तळमजल्यालासुद्धा. पाण्याचा आकार मात्र नळांवर ठरतो. राहणारा ज्या सोयी वापरतो, त्यांचे पैसे त्याच्याकडे मागितले तर त्यात वावगं नाही.

आता पुढचे रकाने. दुरुस्ती निधी, म्हणजे वर्षाला बांधकाम खर्चाचा पाऊण टक्का, आणि सिंकिंग फंड, पाव टक्का. हे पैसे इमारतीसाठी साठतात, त्याचा लाभ सभासदाला, म्हणजे घरमालकाला. अकरा महिन्यांनी बिऱ्हाड हलवणाऱ्याने ते का भरावेत? मालमत्ता कराचंही तेच.

घर भाड्याने दिलं की बिलात आणखी एक आकडा येतो, नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस, म्हणजे बिनभोगवटा शुल्क. पूर्वी सोसायट्या मनाला येईल ते लावत. 1 ऑगस्ट 2001च्या शासन आदेशाने त्याला मर्यादा घातली. महापालिकेचे कर वगळून सेवाशुल्काच्या दहा टक्के, त्याहून जास्त नाही. सेवाशुल्क दोन हजार असेल तर हे शुल्क दोनशे. सोसायटीने ते मागायचं सभासदाकडे, भाडेकरूच्या दारात जाऊन नव्हे.

लिव्ह अँड लायसन्समध्ये कोणता रकाना कोणाचा, हे कायदा वाटून देत नाही. करारात लिहाल तेच खरं. म्हणून 'मेंटेनन्स' एवढा एकच शब्द लिहून सही करू नका, एकेक बाब लिहून घ्या. करार लेखी करून नोंदवायची जबाबदारी महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 मालकावर टाकतो. त्याने ती टाळली, तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. ते खोटं ठरवायचं ओझं मालकावर.

पागडीच्या घरांचं गणित वेगळं. तिथे करारापेक्षा हाच कायदा मोठा. भाड्यात वर्षाला चार टक्के वाढ करता येते. सरकारने किंवा पालिकेने नवा कर लावला, तर तेवढीच रक्कम भाडेकरूवर टाकता येते, वर एक रुपया नाही. जुन्या मुंबई शहरातल्या इमारतींना लागणारा दुरुस्ती उपकर उपनगरात नाही. घाटकोपरच्या पावतीवर तो दिसला, तर जरूर विचारा. वाद आहे म्हणून मालकाला पाणी किंवा जिन्यातला दिवा तोडता येत नाही. दुरुस्ती करत नसेल, तर पंधरा दिवसांची नोटीस देऊन भाडेकरूने ती करावी आणि खर्च भाड्यातून वळता करावा. मात्र वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच.

तेव्हा टोकन देण्याआधी मालकाकडून सोसायटीचं गेल्या महिन्याचं बिल मागून घ्या. भरलेल्या प्रत्येक पैशाची पावती घ्या. ओळखीचा मालक असला तरीही.