पडद्यावरचे फाटक



मतदान केंद्रावर काम केलेल्या शिक्षकांना आणि कर्मचाऱ्यांना पुढील प्रसंग पूर्ण परिचयाचा आहे. मतदान अधिकाऱ्याने नियंत्रण यंत्रावरील बटण दाबले, की तेथे लाल दिवा लागतो आणि आडोशामागील मतदान यंत्रावर हिरवा दिवा उजळतो. मतदार आपल्या पसंतीच्या नावापुढील निळे बटण दाबतो. चिठ्ठी ७ सेकंद काचेतून दिसते, लांब शिट्टी वाजते आणि यंत्र मुके होते. त्यानंतर त्याच मतदाराने दहा वेळा बटण दाबले तरी दुसरे मत पडत नाही. केरळमधील परवूर येथे १९८२ साली प्रथम वापरात आलेले हे यंत्र २००४ च्या लोकसभा निवडणुकीत देशातील सर्व मतदारसंघांत पोहोचले. त्याच्या रचनेतील एक गोष्ट आजच्या विषयाशी निगडित आहे. हे यंत्र माणसाला अडविते. परंतु केव्हा अडविले आणि केव्हा मोकळे केले, हे दिव्याने व आवाजाने त्याला कळविते.

संगणकाच्या पडद्यावरही अशीच तात्पुरती बंदी घालावी लागते. झरी जामणी तालुक्यातील एखाद्या पोडावरून शेतकरी आपले सरकार सेवा केंद्रावर येतो, त्या दिवसाची मजुरी बुडालेलीच असते. केंद्रचालक अर्ज भरतो आणि ‘सादर करा’ हे बटण दाबतो. माहिती दूरच्या सर्व्हरकडे जाते, तेथे तिची नोंद होते आणि उत्तर परत येते. यास कधी दोन सेकंद लागतात, कधी दोन मिनिटे. या अवकाशात पान उघडेच राहिले, तर काहीच घडले नाही असे समजून केंद्रचालक बटण पुन्हा दाबतो. मग एकाच माणसाचे दोन अर्ज नोंदले जाण्याची किंवा शुल्क दोनदा वळते होण्याची शक्यता उरते. म्हणून कार्यक्रम लिहिणारा तंत्रज्ञ त्या भागावर एक अर्धपारदर्शक आवरण पसरतो. खालचा मजकूर अंधुक दिसतो. दाबलेली प्रत्येक टिचकी मात्र आवरणावरच पडते. मध्यभागी चक्र फिरत राहते.

या युक्तीमागे थोडा इतिहास आहे. वेबच्या पहिल्या काळात अर्ज पाठविला की संपूर्ण पान जाऊन दुसरे येत असे. निराळी बंदी घालण्याची गरज क्वचितच भासे. पुढे पान तसेच ठेवून पाठीमागून माहिती आणण्याची पद्धत आली आणि २००५ साली तिला ‘एजॅक्स’ हे नाव मिळाले. ही देवाणघेवाण चालू असताना ब्राउझर गोठवून ठेवण्याची सोय होती. परंतु मग माणसाला तो बंद करणेही कठीण होई. ब्राउझर मोकळा ठेवला, तर पान भलत्या वेळी हाताळले जाई. आवरण हा या दोन अडचणींमधून काढलेला मार्ग होय.

फाटक लावणे सोपे असते. ते उघडण्याची व्यवस्था करणे अवघड. वणीकडे कोळशाची मालगाडी जाईपर्यंत रस्त्यावरची वाहने थांबतात, कारण गाडी येणार हे दिसते आणि ती गेल्यावर फाटक उघडणार याची खात्री असते. पडद्यावरील फाटकात नेमकी येथेच चूक होते. उत्तर आले की आवरण काढावे, एवढेच तंत्रज्ञ लिहून ठेवतो. उत्तर आलेच नाही, वीज गेली, जोडणी तुटली, तर काय करावे, हे लिहावयाचे राहून जाते. मग चक्र फिरतच राहते. अर्ज पोहोचला की नाही, हे केंद्रचालक सांगू शकत नाही आणि रांगेतील शेतकरी त्याच्या तोंडाकडे पाहत राहतो.

ही चूक किरकोळ मानण्याजोगी नाही. छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजनेचे अर्ज २०१७ साली ऑनलाइन मागविण्यात आले आणि त्यांची मुदत १५ सप्टेंबरवरून २२ सप्टेंबरपर्यंत वाढविण्यात आली. दीड लाख रुपयांपर्यंतचे थकीत कर्ज ज्याच्या डोक्यावर आहे, त्याच्यासाठी मुदतीच्या शेवटच्या दिवशी फिरणारे चक्र म्हणजे केवळ तांत्रिक विलंब नव्हे. अर्ज गेला असे समजून तो घरी परतला आणि प्रत्यक्षात तो गेलेला नसला, तर चूक कोणाची म्हणावयाची?

म्हणून आवरणावरच विसंबणे योग्य नाही. ते सौजन्य आहे, कुलूप नव्हे. खरी राखण सर्व्हरवर हवी. अर्ज उघडतानाच त्याला एक स्वतंत्र क्रमांक द्यावा आणि तोच क्रमांक पुन्हा आल्यास दुसरी नोंद न करता पहिलीच पावती परत पाठवावी. मग बटण दहा वेळा दाबले गेले तरी बिघडत नाही, आणि जोडणी तुटली तरी तो क्रमांक टाकून अर्जाचे काय झाले ते पाहता येते.

दुसरा दोष अतिरेकाचा. जिल्हा यवतमाळ, तालुका केळापूर एवढे निवडले की गावांची यादी येण्यास क्षणभर लागतो. तेवढ्यासाठी केवळ गावाचा रकाना बंद असणे पुरेसे आहे. अनेक संकेतस्थळे अशा वेळी सगळा पडदा झाकतात आणि भ्रमणध्वनी क्रमांक लिहू पाहणारा हात उगाच थांबतो. एक खोली सारवायची म्हणून कोणी अख्खे घर बंद करीत नाही.

तिसरी बाब अपंग बांधवांची. आवरण माऊसला अडविते, कळफलकाला नाही. ‘टॅब’ची कळ दाबत गेल्यास आवरणाखालील बटणांपर्यंत सहज पोहोचता येते. पडदावाचकाच्या साहाय्याने काम करणाऱ्या अंध शिक्षकाला तर आवरण आल्याचे कळतही नाही. त्याच्या दृष्टीने फाटक बंद झालेलेच नसते. पानाचा ठरावीक भाग सर्वांसाठी खरोखर निष्क्रिय करण्याची ‘इनर्ट’ ही सोय २०२३ पासून सर्व प्रमुख ब्राउझरमध्ये उपलब्ध आहे. बंदी सुरू झाल्याचे व संपल्याचे वाचकयंत्राकडून ऐकविण्याचीही तरतूद आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चा असल्याने याकडे निव्वळ सदिच्छेचा भाग म्हणून पाहता येणार नाही.

हे सर्व तंत्रज्ञाचे काम, असे म्हणून अधिकाऱ्यांनी बाजूला होण्याचे कारण नाही. नवी प्रणाली ताब्यात घेताना एक साधी परीक्षा कोणालाही करता येईल. अर्ज भरावा, ‘सादर करा’ दाबावे आणि त्याच क्षणी इंटरनेटची तार काढावी. ठरावीक वेळेत आवरण दूर होते काय, भरलेली माहिती शाबूत राहते काय, आणि काय घडले ते सरळ मराठीत लिहून येते काय, हे पाहावे. ‘एरर ५०४’ एवढेच उमटले, तर प्रणाली परत पाठवावी. आणि ही परीक्षा मुख्यालयातील वेगवान जोडणीवर न घेता झरी जामणीच्या किंवा घाटंजीच्या एखाद्या केंद्रावर, भर दुपारी, रांग लागलेली असताना घ्यावी.