फळ्यावरची नोटीस

(साक्षरता वर्गाच्या मासिक सभेत दिलेले भाषण)



तुमच्यापैकी बहुतेकांना आता जोडाक्षरे वाचता येऊ लागली आहेत. एस.टी.ची पाटी, रेशनकार्डावरचे नाव, औषधाच्या बाटलीवरची तारीख, हे तुम्ही वाचता. आज आम्ही तुम्हाला आणखी एक जागा दाखवणार आहोत. तिथे वाचण्यासारखे पुष्कळ असते, पण वाचणारे कोणी नसते. ती जागा म्हणजे नगरपालिकेच्या कचेरीतला नोटिशींचा फळा. घरपट्टी भरायला आपण तिथे जातो. रांगेत तासभर त्या फळ्याकडे तोंड करून उभे राहतो, पावती घेतो आणि घरी येतो. त्याच फळ्यावर एखादे दिवशी आपल्या घराचा निकाल लावणारा कागद टाचलेला असतो.

आता कोणी म्हणेल, जमीन माझी, घर मी बांधणार, मग सरकारने मधे का पडावे? ऐकायला हे बरे वाटते. पण मुंबईची हकीकत ऐका. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली. चाळी एकमेकींना खेटून उभ्या, खोलीत ऊन नाही, वारा नाही, दाराशी उघडे गटार. माणसे पटापट गेली. जी राहिली ती गाठोडी बांधून गावाकडे पळाली. मग १८९८ साली शहर सुधारण्यासाठी सरकारने एक ट्रस्ट नेमला. त्याने दाट वस्त्या पाडल्या, रुंद रस्ते काढले, दादर-माटुंग्याकडे नव्या वस्त्या आखल्या. काम जरुरीचे होते, यात शंका नाही. पण ज्यांच्या खोल्या पाडल्या त्यांना आधी कोणी विचारले नव्हते, आणि त्या सगळ्यांना नवी जागा मिळाली असेही झाले नाही.

तेव्हा देखरेख हवी, पण ती विचारून व्हायला हवी. पुढचे कायदे हळूहळू या वाटेने आले. १९१५ साली मुंबई इलाख्यात नगररचनेचा कायदा झाला. आपल्या देशातला तो पहिला. १९५४ च्या कायद्याने नगरपालिकांवर आपल्या शहराची विकास योजना तयार करण्याचे बंधन आले. मग १९६६ साली महाराष्ट्राचा प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम झाला. आज आपल्या गावाचा नकाशा ठरतो तो त्याच कायद्याने.

विकास योजना म्हणजे काय? पुढच्या वीसएक वर्षांत गावात कुठे काय असावे याचा नकाशा. नकाशात रंग असतात. पिवळा रंग राहण्याच्या जागेचा, निळा दुकानांचा, जांभळा कारखान्यांचा, हिरवा शेतीचा किंवा मोकळ्या जागेचा. कोणता रंग कशाचा, हे नकाशाच्या कोपऱ्यात लिहिलेले असते. तिथून वाचायला सुरुवात करावी. शाळा, दवाखाना, बाजार, मैदान यांसाठी ज्या जागा राखून ठेवतात, त्यांना 'आरक्षण' म्हणतात. नोकरीतले आरक्षण वेगळे आणि हे वेगळे. आपल्या घरावर असले आरक्षण पडले म्हणजे ती जागा आज ना उद्या नगरपालिका घेणार.

हा नकाशा एकदम पक्का करीत नाहीत. आधी कच्चा करतात, त्याला 'प्रारूप' असा शब्द आहे. मग राजपत्रात आणि वर्तमानपत्रात नोटीस देतात, कचेरीत नकाशा लावतात, आणि ३० दिवसांच्या आत लोकांकडून हरकती व सूचना मागवतात.

हा 'हरकत' शब्द नीट ध्यानात घ्या. आपण दिवसातून दहा वेळा म्हणतो, 'काही हरकत नाही.' पाव्हणा म्हणाला, उद्या येतो. आपण म्हणतो, हरकत नाही. कायदाही आपल्याबद्दल नेमके हेच धरून चालतो. ३० दिवस तुम्ही गप्प राहिलात की तुमची काही हरकत नाही, असा त्याचा अर्थ होतो. तुम्ही रागावून गप्प होता, की तुम्हाला वाचता येत नव्हते म्हणून गप्प होता, हे कोणी विचारीत नाही.

आमच्या पाहण्यातले एक तालुक्याचे गाव आहे; नाव सांगत नाही. तिथे नकाशा लागला तेव्हा बुरूड आळीतून बारा मीटर रुंदीचा रस्ता दाखवला होता. आळी कशी? दोन बैलगाड्या शेजारून जायच्या नाहीत. म्हणजे रस्ता होणार तर दोन्ही बाजूंची घरे जाणार. नोटीस फळ्यावर ३० दिवस होती. आळीतली माणसे त्या महिन्यात कचेरीत गेली नाहीत असे नाही. पाणीपट्टी भरायला गेली, दाखला आणायला गेली. वाचली कोणीच नाही. मुदत संपली, पुढचे सोपस्कार झाले, योजना मंजूर झाली. आळीला हे कळले केव्हा? एकाच्या घराची मागची भिंत पावसाने बसली आणि तो दुरुस्तीची परवानगी मागायला गेला, तेव्हा. कारकुनाने नकाशावर बोट ठेवले. 'इथून रस्ता आहे. परवानगी मिळायची नाही.' त्या माणसाने विचारले, 'रस्ता कधी होणार?' कारकून म्हणाला, 'ते सांगता येत नाही.' तेव्हापासून त्या आळीला बँक घरासाठी कर्ज देत नाही. पडते ते सावरता येत नाही, विकू म्हटले तर घेणारा मिळत नाही. रस्ता तर अजून झालेलाच नाही.

त्याच नकाशात, त्याच फळ्यावर, शिंपी आळीच्या मागच्या बाजूला खेळाच्या मैदानाचे आरक्षण होते. त्या जागेवर चौदा घरे उभी. जुन्या कागदात ती जागा मोकळी होती, तेवढ्यावरून नकाशा काढणाऱ्याने ती मोकळी धरली. पण तिथली एक बाई आपल्यासारख्याच वर्गाला जात होती. शिवणकाम करणारी, चाळिशीच्या पुढची. रांगेत उभी राहून तिने ती नोटीस अक्षर अक्षर लावून वाचली. सगळी कळली नाही. 'प्रारूप' तर मुळीच नाही. पण आपल्या आळीचे नाव ओळखले आणि ३० दिवस हा आकडा ओळखला. संध्याकाळी आळी जमवली. चौदांपैकी अकरा घरांनी हरकत लिहून दिली. तिघांनी दिली नाही. त्यांचे म्हणणे, सरकारशी कशाला वाकडे घ्या. अशी माणसे प्रत्येक गावात असतातच.

पुढे सुनावणी झाली. सुनावणी घेणाऱ्या नियोजन समितीत नगरपालिकेच्या स्थायी समितीचे तीन सभासद असतात, आणि नगररचना संचालकांनी नेमलेले, फार तर चार, जाणकार असतात. या मंडळींपुढे त्या बाईने घरपट्टीच्या पावत्या ठेवल्या. समितीने जागा येऊन पाहिली. आरक्षण मागच्या पडीत सरकले. कडेच्या दोन घरांचे ओटे तेवढे गेले, ते वाचले नाहीत. समितीचा अहवाल, योजना, सगळे शेवटी राज्य सरकारकडे मंजुरीला जाते, आणि तिथून आलेला नकाशा पक्का होतो.

बुरूड आळीला आता काहीच करता येणार नाही, असे मात्र नाही. कायद्यात एक कलम आहे, १२७ वे. योजना अमलात येऊन दहा वर्षे झाली आणि तरी ती जागा घेतली गेली नाही, तर जागेच्या मालकाने नगरपालिकेला लेखी नोटीस द्यायची. त्यानंतर २४ महिन्यांत जागा घेण्याची पावले उचलली नाहीत, तर आरक्षण गळून पडते. आळीची दहा वर्षे पुढच्या वर्षी भरतात. मिळकत पत्रिका ज्यांच्या नावावर आहे त्यांनी कागद गोळा करायला घेतले आहेत. काहींच्या पत्रिकेवर अजून आजोबाचे नाव आहे, तिथे वारस लावण्यापासून तयारी आहे. दहा वर्षे आणि दोन वर्षे, अशी बारा वर्षे. शिंपी आळीचे काम एका कागदात झाले होते.

मोठ्या शहरातही हेच. फेब्रुवारी २०१५ मध्ये मुंबईच्या नव्या विकास योजनेचे प्रारूप लागले. लोकांनी नकाशे उघडून पाहिले, तर चुकाच चुका. गावठाणे, कोळीवाडे नीट दाखवलेले नाहीत, म्हणून कोळी बांधव उठले. हजारो हरकती गेल्या. एप्रिल २०१५ मध्ये मुख्यमंत्र्यांनी तो नकाशा मागे घेऊन नव्याने करायला सांगितला. सुधारलेला मे २०१६ मध्ये लागला आणि मंजुरी २०१८ साली आली. एवढ्या मोठ्या शहराचा नकाशा मागे फिरला, हे विसरू नका.

आता दुसरी बाजू. सगळा दोष कचेरीचा नसतो, आपलाही असतो. नदीच्या काठाला नकाशात दोन रेषा असतात, एक निळी आणि एक लाल. साधारण २५ वर्षांत एकदा येईल एवढ्या पुराचे पाणी जिथवर पोचते ती निळी. १०० वर्षांत एकदा येईल एवढा मोठा पूर जिथवर जातो ती लाल. निळ्या रेषेच्या आत घर बांधायचे नाही. निळी आणि लाल यांच्यामध्ये बांधायचे तर जोते लाल रेषेच्या पाण्याहून उंच घ्यावे लागते. शंभर वर्षांत एकदा म्हणजे एकदा येऊन गेला की पुढे शंभर वर्षे निश्चिंती, असा अर्थ करू नका. सांगली-कोल्हापूरकडे ऑगस्ट २०१९ मध्ये केवढा महापूर आला! घरांत माळ्यापर्यंत पाणी. आणि दोनच वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये, पुन्हा पाणी आले.

तरी आपण काय करतो? स्वस्तात गुंठा मिळतो म्हणून ओढ्याकाठी घेतो. विकणारा म्हणतो, 'सगळे घेताहेत, काळजी करू नका.' नोटरीच्या कागदावर अंगठा किंवा सही होते, आयुष्याची पुंजी जाते. तुम्ही आता वाचायला शिकला आहात. जागा घेण्याआधी सातबारा बघा, आणि नगररचना कार्यालयातून त्या गटाचा झोन दाखला व भाग नकाशा मागा. विकणारा म्हणाला, 'त्याची काय गरज?' तर समजा की गरज आहे.

आणखी एक नोटीस असते, ती कारखान्याची किंवा खाणीची. डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळला विषारी वायूने हजारो माणसे मेली. त्यानंतर १९८६ साली पर्यावरण संरक्षणाचा कायदा झाला. त्याखाली २००६ ची जी अधिसूचना आहे, तिच्याप्रमाणे पुष्कळशा मोठ्या प्रकल्पांना परवानगी देण्याआधी जागेजवळ जनसुनावणी घ्यावी लागते. प्रदूषण नियंत्रण मंडळ ती भरवते, जिल्हाधिकारी किंवा त्यांनी पाठवलेला वरिष्ठ अधिकारी अध्यक्ष असतो. निदान ३० दिवस आधी वर्तमानपत्रात नोटीस द्यावी लागते, त्यांतले एक वर्तमानपत्र आपल्या भाषेतले. प्रकल्पाने हवा-पाण्याचे काय होईल याचा थोडक्यात अहवालही आपल्या भाषेत मिळतो. तो जिल्हाधिकारी कचेरीत आणि जिल्हा परिषदेत बघायला मागा. सुनावणी संपताना, कोण काय बोलले याचे टिपण लोकांना वाचून, त्यांच्या भाषेत समजावून सांगावे लागते. तुम्ही बोललेले त्यात आले की नाही, हे ऐकल्याशिवाय चटईवरून उठू नका. लोक चहा आला की उठतात!

भाषेचे महत्त्व किती, ते २०२० साली दिसले. ती अधिसूचना बदलण्याचा मसुदा निघाला. सुनावणीच्या नोटिशीचे ३० दिवस त्यात २० वर आणायचे होते, आणि मसुदा होता इंग्रजी-हिंदीत. देशभराच्या लोकांनी हरकती द्यायच्या कशा? त्या वर्षी जून महिन्यात दिल्ली उच्च न्यायालयाने हुकूम दिला, की घटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या सर्व भाषांत मसुद्याचे भाषांतर करा. मराठी त्यात आलीच.

आता हरकत लिहायची कशी, ते सांगतो. पल्लेदार मराठी लागत नाही. शिंपी आळीच्या अर्जाचा मजकूर एवढाच होता:

'मुख्याधिकारी साहेब यांस. विषय: प्रारूप विकास योजनेवर हरकत. मी वरील पत्त्यावर राहते. माझ्या राहत्या घरावर खेळाच्या मैदानाचे आरक्षण दाखवले आहे. ही जागा मोकळी नाही, येथे चौदा घरे आहेत. घरपट्टीच्या पावत्या जोडल्या आहेत. आरक्षण मागील पडीक जागेत न्यावे. मला समक्ष म्हणणे मांडायचे आहे, तरी सुनावणीस बोलवावे.' खाली तारीख आणि सही.

शेवटचे वाक्य विसरू नका. समक्ष बोलायचे आहे असे जो लिहितो, त्याला समितीने ऐकून घ्यावे लागते. अर्जाच्या दोन प्रती करा. एक द्या, दुसरीवर शिक्का आणि तारीख घ्या. तिला 'पोच' म्हणतात. कारकून म्हणेल, ठेवून जा. हात जोडून सांगा, शिक्का मारून द्या, मग जाते. पुढे अर्जाचे काय झाले हे कळले नाही, तर २००५ च्या माहितीच्या कायद्याखाली दहा रुपयांचा अर्ज करता येतो. दारिद्र्यरेषेखालच्यांना तेवढेही पडत नाहीत. त्याचे उत्तरही ३० दिवसांत द्यायचे असते.

आपल्या गावाच्या योजनेचा भाग नकाशा आम्ही कचेरीतून रीतसर पैसे भरून आणला आहे. रविवारी तो वर्गाच्या भिंतीला लावू. येताना प्रत्येकाने घरपट्टीची पावती आणावी. तिच्यावर मिळकत क्रमांक आहे. त्यावरून आपले घर कुठल्या रंगात आहे ते शोधायचे. चष्मे विसरू नका, नकाशातली अक्षरे फार बारीक आहेत.